दुकानदार विचारतो, ‘अनुभव आहे का?’

पत्र थोडक्यात : नागपूरच्या मानेवाडा भागात राहणाऱ्या एका १६ वर्षांच्या मुलीचं हे पत्र आहे. दहावीचे पेपर मार्चमध्ये संपले. अकरावी सुरू होईपर्यंत कुठंतरी काम करून स्वतःच्या पैशानं १२,००० रुपयांचा मोबाइल घ्यायचा, असं तिनं ठरवलं. एका रविवारी संध्याकाळी मैत्रिणीला घेऊन ती बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेली आणि नऊ दुकानांत विचारून आली. सगळीकडे एकच प्रश्न, ‘अनुभव आहे का?’ एका कपड्यांच्या शोरूममध्ये तर वय ऐकूनच हात जोडले. मैत्रीण म्हणते, अठरा सांग, कोण बघतंय. व्हॉट्सॲपवर घरबसल्या डेटा एंट्रीची जाहिरात आली आहे : महिना १८,००० रुपये, पण नोंदणीचे १,२०० आधी भरायचे. बाबा म्हणतात, काम राहू दे, एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स करून घे. आईला वाटतं, पोरगी कामाला लागली म्हटल्यावर लोक काय म्हणतील. शेवटी ती लिहिते, ‘अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. ताई, सुरुवात करायची तरी कुठून?’

तुझं शेवटचं वाक्य ऐकायला पटतं, पण तुझी गाडी अडली आहे ती अनुभवापाशी नाही. त्या रविवारी दुकानदाराच्या जागेवरून काय दिसलं ते बघ. संध्याकाळची वेळ, काउंटरवर चार गिऱ्हाइकं, आणि दोन मुली येऊन विचारतात, ‘काही काम आहे का?’ कोणतं काम, किती दिवस, किती वाजेपासून किती वाजेपर्यंत, यातलं त्याला काहीच कळलेलं नाही. त्याला दहा सेकंदांत काहीतरी उत्तर द्यायचं आहे. ‘अनुभव आहे का?’ हा नाही म्हणायचा सौम्य प्रकार आहे, एवढंच समज. त्याच्या डोक्यातला हिशोब निराळाच असतो. कोणता माल कुठं ठेवला आहे, भाव किती, हे शिकवण्यात दहा-पंधरा दिवस जाणार. जूनमध्ये ही निघून जाणार. मे महिन्याच्या उन्हात रोज येईल याची खात्री नाही. आणि वय कमी असलं तर उद्या कोणी तक्रार केली म्हणजे आपल्यामागे झंझट. या चार शंकांची उत्तरं तू आधीच देऊ शकलीस, तर अनुभवाचा प्रश्न बराचसा मागे पडतो.

वयाची शंका आधी घेऊ, कारण अर्ध्याअधिक दुकानदारांना तिथंच चुकीची माहिती असते. बालकामगार कायदा १९८६ चा आहे आणि २०१६ मध्ये त्यात मोठा बदल झाला. १४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करायला तेवढी मोकळीक आहे, आणि बालकलाकारांना अटी घालून सूट आहे. १४ ते १८ या वयाला कायदा किशोरवयीन म्हणतो. या वयात खाणी, स्फोटक आणि ज्वालाग्राही पदार्थ आणि कायद्यात दिलेल्या इतर धोकादायक प्रक्रिया सोडून बाकी काम करता येतं. म्हणजे तुला दुकानात, कार्यालयात, क्लासच्या ऑफिसात काम करायला कायद्याची आडकाठी नाही. पण वेळेच्या अटी आहेत आणि त्या पाठ करून ठेव : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर काम नाही. सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मध्ये किमान एक तासाची सुटी. सुटी धरून सगळं मिळून सहा तासांत आटोपलं पाहिजे. ओव्हरटाइम नाही, एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही, आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी. हिशोब केलास तर प्रत्यक्ष काम पाच तासच होतं.

आता हे नागपूरच्या उन्हाळ्याला लावून बघ. मे महिन्यात पारा ४५ कडे गेला की दुपारी एक ते पाच बर्डीच्या दुकानांत माणूस फिरकत नाही. गिऱ्हाईक ऊन उतरल्यावर, सहानंतर बाहेर पडतं. कपडे, चपला, कटलरी या दुकानांना जास्तीचे हात हवे असतात ते रात्री नऊपर्यंत. तुला सातला निघायचं आहे. म्हणून तिथं तुझं जमत नाही, तू कमी पडतेस म्हणून नाही. लग्नातल्या केटरिंगचंही तेच, ते काम सुरूच होतं संध्याकाळी. घरपोच डिलिव्हरीच्या ॲपना अठरा पूर्ण लागतात. ही दारं सध्या बंद आहेत असं धरून चाल, म्हणजे पाय वाचतील.

अठरा सांगायचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नकोस. पहिल्या दिवशी आधारची झेरॉक्स मागतात आणि तिथं जन्मतारीख असते. समजा कोणी मागितली नाही, तर मग तुला अठराची समजून रात्रीपर्यंत थांबवतील आणि तुला तक्रारीला जागा राहणार नाही. उद्या काही लागलं-पडलं तर मालक म्हणेल, मुलगी खोटं बोलली. उलट, ‘मी १६ ची आहे, कायद्यानं सकाळी ८ ते संध्याकाळी ७ यामध्ये सहा तास येऊ शकते, बाबांचं संमतीपत्र सोबत आणलं आहे,’ हे वाक्य ऐकून सावध दुकानदारसुद्धा निवांत होतो.

मग दिवसाउजेडी गर्दी असणारी कामं कोणती? इथं तुझ्या बाजूनं एक चांगली गोष्ट आहे. विदर्भात ऊन जास्त म्हणून आपल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पुस्तकं, वह्या, दप्तरं, गणवेश यांची झुंबड जूनच्या पहिल्या आठवड्यापासून महिनाअखेरपर्यंत चालते. नेमकी तेव्हा तू मोकळी असतेस, कारण अकरावीचे वर्ग प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्यावर भरतात. स्टेशनरी आणि पुस्तकांच्या दुकानाला या दिवसांत दिवसभर माणूस लागतो आणि तो महिना-दीड महिन्यापुरताच लागतो. तू जूनमध्ये सोडून जाणार ही जी बर्डीवर तुझी उणीव होती, ती इथं त्याची सोय आहे.

आणि इथं तुला अनुभव आहे. हो, आहे. पुस्तकांच्या दुकानात मे महिन्याच्या उत्तरार्धात सेट लावायचं काम चालतं. शाळांच्या याद्या आलेल्या असतात. प्रत्येक शाळेची, प्रत्येक वर्गाची वेगळी. यादी समोर ठेवायची, एकेक पुस्तक काढून गठ्ठा करायचा, पेन्सिलनं खूण करत जायचं. जे नाही त्याची चिठ्ठी वरती लावायची, वरून सुतळी. नवा माणूस इथं हमखास तीन ठिकाणी चुकतो. सेमी इंग्रजीच्या मुलाला गणित आणि विज्ञान इंग्रजीतून लागतं, बाकी विषय मराठीतून; नवखा सगळंच मराठी माध्यमाचं बांधून देतो आणि पालक दुसऱ्या दिवशी भांडायला येतात. दुसरी चूक वह्यांची. पहिलीच्या बाळाला चाररेघी आणि चौकटीची हवी असते, त्याच्या हातात २०० पानी एकरेघी जाते. तिसरी चूक आवृत्तीची : बालभारतीची नवीन अभ्यासक्रमाची पुस्तकं टप्प्याटप्प्यानं येत आहेत, म्हणून मागच्या वर्षीचा उरलेला गठ्ठा आणि नवा गठ्ठा शेजारी शेजारी असतात आणि मुखपृष्ठ न बघता ओढलं की घोळ होतो. तू दहा वर्षं अशा याद्या घेऊन दुकानात उभी राहिली आहेस. सेमीला काय लागतं हे तुला कोणी शिकवायची गरज नाही. दुकानदाराला हेच सांग. ‘मला अनुभव नाही’ म्हणण्याऐवजी ‘सेमीचा आणि मराठी माध्यमाचा सेट मी न चुकता लावू शकते’ असं म्हण. ऐकणाऱ्याला लगेच कळतं की ही काय कामाला येईल.

एक बारकावा : अनुदानित आणि सरकारी शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मुलांना मोफत मिळतात. त्यामुळे दुकानातली खरी विक्री नववी-दहावी, खासगी शाळा आणि वह्यांची असते. तुझ्या मानेवाड्यात, अयोध्या नगरात, नंदनवनाकडे अशी गल्लीतली दुकानं भरपूर आहेत. एकेका शाळेच्या आजूबाजूला दोन-तीन. ती आधी बघ. महाल आणि इतवारीकडच्या मोठ्या, ठोक माल विकणाऱ्या दुकानांत माणसं जास्त घेतात, पण तिथं बोजे उचलायचं कामही जास्त. विचारून घे.

दुसरी चांगली जागा म्हणजे ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र. झेरॉक्सचं दुकान म्हण किंवा आपले सरकार सेवा केंद्र म्हण. दहावी-बारावीचे निकाल लागले की इथं रांग लागते : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर, आणि आता राज्यभर अकरावीचा प्रवेशच ऑनलाइन आहे. केंद्र सकाळी दहा ते पाच उघडं असतं, तुझे सहा तास त्यात बसतात, आणि काम सावलीत. तुझ्याकडे येणारं काम साधारण असं : आलेल्या माणसाची कागदपत्रं क्रमानं लावणं, झेरॉक्स, स्कॅन, फोटो आणि सही कापून सांगितलेल्या केबीत, म्हणजे फाइलच्या आकारात बसवणं. फोटो छोटा करताना लोक तो ओढून ताणून बसवतात, चेहरा चपटा होतो आणि अर्ज परत येतो. आधी चौकट कापायची, मग केबी कमी करायचे. नावाची चूक तर रोजची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेक शेवटी. टाइप करणारा एकाकडे बघून नाव लिहितो आणि दुसऱ्याकडे बघून आडनाव, मग दुरुस्तीसाठी तोच माणूस दहा चकरा मारतो. गुणपत्रिका हातात धरून एकेक अक्षर मोठ्यानं वाचून दाखवणारी मुलगी त्या केंद्राला फार उपयोगी पडते. दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. केंद्रचालकाच्या लॉगिननं तू स्वतः अर्ज दाखल करायचा नाही, आणि लोकांचे आधार, दाखले स्वतःच्या फोनवर मागवायचे नाहीत. ‘व्हॉट्सॲप करून देते’ म्हणून चाळीस लोकांची कागदपत्रं तुझ्या नंबरवर जमा झाली, की त्यातून काही गैरप्रकार झाला तर पहिलं बोट तुझ्याकडे जाईल.

बाकीची कामं पटकन सांगते. रामदासपेठ, धंतोली भागात आणि आता प्रत्येक वस्तीत डॉक्टरांची सकाळची ओपीडी असते, तिथं नंबर लावायला, फाइल काढायला मुलगी लागते. क्लासवाल्यांना मे-जूनमध्ये चौकशीचे फोन घ्यायला माणूस हवा असतो. उन्हाळी शिबिरांत लहान मुलं सांभाळायला मदतनीस घेतात, पण त्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच विचारावं लागतं. वाळवणाचं काम करणाऱ्या काकू आणि बचत गट कुरडया, पापड, शेवया यांची मोजणी आणि पाकिटं भरायला रोजावर मदत घेतात. सकाळी लवकर सुरू होतं, पण आठच्या आधी जायचं नाही. आणि स्वतःच्या घरी तिसरी-चौथीच्या चार मुलांना रोज एक तास पाढे आणि शुद्धलेखन, हेही काम आहे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही आणि आईच्या डोळ्यांसमोर होतं.

हे सदर मुलंही वाचतात म्हणून एक गोष्ट इथंच बोलते. नागपुरात उन्हाळ्यात पोरांना सगळ्यात लवकर मिळणारं काम कूलरचं. दुकानात बसून कूलरच्या ताट्यांत वाळा किंवा वुडवूल (लाकडाचे बारीक तंतू) भरायचं काम करायला हरकत नाही. पण घरोघर जाऊन कूलर जोडणं, पंप बदलणं हे घेऊ नका. पत्र्याची बॉडी, खाली पाणी, ओले हात, आणि कित्येक जुन्या घरांत अर्थिंगच नसतं. बटण बंद केलं तरी वायरिंग उलटं असेल तर बॉडीत करंट येऊ शकतो. प्लग सॉकेटमधून काढल्याशिवाय हात लावायचाच नसतो. अनुभवी माणसालाही झटका बसतो. सोळाव्या वर्षी या कामासाठी घरातून जोर झाला तरी नाही म्हणा.

आता विचारायला कसं जायचं. रविवारी संध्याकाळी नाही. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकरा ते साडेबारा. मालक गल्ल्यावर असतो आणि गिऱ्हाईक कमी असतं. दोघी मिळून आत जाऊ नका. मैत्रीण किंवा भाऊ बाहेर थांबू दे, आत तू एकटी जा, नाहीतर त्याला वाटतं दोघींनाही ठेवावं लागेल. पहिल्यांदा जाताना घरचं कोणीतरी सोबत असावंच, पण बोलायचं तू.

तीन वाक्यं घरी मोठ्यानं म्हणून बघ : ‘काका, मी इथं मागेच राहते, दहावीचे पेपर झाले. ४ मे ते २७ जून, सोमवार ते शनिवार, सकाळी साडेदहा ते साडेचार येऊ शकते, मध्ये एक तास जेवणाची सुटी. जूनमध्ये पुस्तकांचे सेट लावायला तुम्हाला कोणी हवं आहे का?’ बस. दुकानदार हिंदीत बोलला तर हेच हिंदीत सांग, ‘भैया’ म्हण. इतवारीत तर बहुतेक बोलणं हिंदीतच होतं आणि दोन्ही भाषा सहज येणं ही तिथं मोठी जमेची बाजू आहे. लगेच उत्तर मिळणार नाही हे धरून जा. एका कागदावर स्वच्छ अक्षरात नाव, वय, राहण्याचा भाग, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, काय काय येतं, बाबांचा फोन नंबर, आणि विचारून घेतलं असेल तर वर्गशिक्षिकेचं नाव, एवढं लिहून तो देऊन ये. इंग्रजीतला दोन पानी बायोडेटा नको. स्वतःचा नंबर अनोळखी दुकानात सोडू नकोस, बाबांचाच दे. चार दिवसांनी त्याच वेळी पुन्हा एकदा जा आणि विचार. कितीतरी कामं या दुसऱ्या खेपेला मिळतात, कारण सांगितल्याप्रमाणे परत येणारी मुलगी रोजही येईल, हा हिशोब तो मनात करतो. वीस ठिकाणी विचारावं लागलं तर वाईट वाटून घेऊ नकोस.

जायच्या आधी एक अडचण बोलून टाक : निकालाचा दिवस आणि अकरावीच्या प्रवेशाचे दिवस. ‘त्या तारखा जाहीर झाल्या की लगेच सांगीन, चार-पाच दिवस सुटी लागेल,’ हे आधी सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही. न सांगता दांडी मारली तर जूनच्या गर्दीत त्याच दिवशी दुसरी मुलगी उभी राहते.

पैशाचं बोलताना तासाचा दर काढायला शिक, नाहीतर महिन्याचा आकडा फसवतो. धर, त्या दुकानात पूर्णवेळ मदतनिसाला १३,००० मिळतात. आठ तासांप्रमाणे २६ दिवसांचे २०८ तास झाले, म्हणजे तासाला साडेबासष्ट रुपये. तुझे पाच तास, २६ दिवस, १३० तास, त्याचे ८,१२५. रोज येण्या-जाण्याला ४० रुपये लागले तर १,०४० वजा. हातात ७,०८५. या हिशोबानं तुझ्या मोबाइलला पावणेदोन महिने लागतात, म्हणजे ४ मे ते २७ जून जेमतेम पुरतात. पण खरं सांगते, कित्येक छोटी दुकानं नवख्या मुलीला चार-पाच हजारच म्हणतात. सरकारनं प्रत्येक प्रकारच्या आस्थापनेसाठी किमान वेतन ठरवलेलं असतं आणि त्यातला महागाईचा भाग दर सहा महिन्यांनी बदलतो. तुझ्या वेळचा आकडा कामगार विभागाकडून कळतो. तो माहीत असला की बोलणं सोपं जातं. तरीही बर्डीवर ५,००० आणि घराजवळ ४,५०० अशी वेळ आली तर घराजवळचं घे. बर्डीच्या पाचातून प्रवास वजा जाऊन ३,९६० उरतात, आणि दुपारचं उन्ह वेगळं. मग मोबाइल एका सुटीत होणार नाही. थोडे दिवाळीत होतील, किंवा कमी किमतीचा घ्यावा लागेल. हे आधीच मान्य केलंस तर जूनअखेर हिरमोड होणार नाही.

स्कूटी घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडून दे. १६ व्या वर्षी लायसन्स मिळतं ते विनागियर ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. आपल्या घरोघरी असलेल्या गाड्या त्यात बसत नाहीत. पकडलं गेलं तर पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शहरातली ‘आपली बस’ किंवा मेट्रो, आणि डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी.

पैसे पहिल्या महिन्यात आठवड्याच्या आठवड्याला माग. ‘महिना भरला की देतो’ म्हणतात आणि पंचविसाव्या दिवशी काहीतरी बिनसलं की सगळंच बुडतं. एक छोटी वही कर : तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, मिळालेले पैसे. दर शनिवारी मालकाची सही किंवा आद्याक्षर घे. ‘एक आठवडा फुकट शिक, मग बघू’ असं कोणी म्हटलं तर एक दिवस बघून घ्यायला हो म्हण, आठवड्याला नाही. बँकेत स्वतःचं बचत खातं उघड. १० वर्षांवरच्या मुलाला खातं स्वतः चालवायची मुभा रिझर्व्ह बँकेनं दिली आहे, मर्यादा बँक ठरवते. आणि त्या खात्याचं कार्ड, पासबुक, पिन कोणालाही वापरायला द्यायचं नाही. ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, कमिशन ठेव, बाकीचे पाठव’ असं सांगणारे लोक फसवणुकीचा पैसा फिरवतात, आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

व्हॉट्सॲपवरची ती डेटा एंट्रीची जाहिरात याच जातीची आहे. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. एवढी एक खूण पुरे. आधी १,२०० भरायला लावतात. मग चुकाच निघतील अशा फायली देतात, ‘अचूकता कमी भरली, करार मोडला’ म्हणून वकिलाची नोटीस पाठवतात आणि घाबरलेल्या मुलांकडून आणखी दहा-पंधरा हजार काढतात. व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा, हेही तेच. पैसे गेलेच असतील तर त्याच दिवशी १९३० वर फोन करायचा, उशीर केला की परत मिळायची आशा कमी होते. भीती वाटली तर बाबांना लगेच सांग. अशा धंद्याचं सगळं बळ मुलं घरी बोलत नाहीत यावर असतं.

बाबा चुकीचं बोलत नाहीयेत. एमएस-सीआयटी झालेली मुलगी अर्जाच्या केंद्रात लवकर घेतली जाते. सकाळी ८ ते ९ ची बॅच आणि साडेदहापासून काम, असं बसवता येतं. फीचा काही भाग माझ्या पहिल्या पगारातून देईन म्हण, बाबांचा सूर बदलेल. दोन्ही एकदम झेपणार नाही असं वाटलं तर मेमध्ये कोर्स पुढे ढकल आणि जूनचं काम धर, कारण बॅच पुढेही निघतात, जूनची गर्दी वर्षातून एकदाच येते.

आईची गोष्ट जरा वेगळी आहे. ‘लोक काय म्हणतील’ याच्या खाली बहुतेक वेळा काळजी असते : कोण माणसं आहेत, पोरगी कुठं बसेल, कशी येईल. म्हणून वाद घालू नकोस, आईला दुकानात घेऊन जा. तिनं मालकाशी बोलावं, तिथं आणखी कोणी बाई कामाला आहे का बघावं, आणि एक गोष्ट न लाजता विचारावी : बाथरूम आहे का? जुन्या बाजारातल्या बऱ्याच दुकानांत नसतं, मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात, मे महिन्यात तर फारच. बाथरूम नसेल आणि शेजारीही सोय नसेल तर ती जागा सोड, पगार कितीही असो. कुणी उगाच अंगचटीला आलं, बंद शटरआड थांबायला सांगितलं, तर त्या क्षणी निघून यायचं; राहिलेले पैसे नंतर बाबा जाऊन मागतील. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते.

काम मिळालं की मूळ गुणपत्रिका किंवा मूळ आधार कोणाकडे ठेवायचं नाही, झेरॉक्सच द्यायची, आणि झेरॉक्सवर ‘फक्त कामासाठी’ आणि तारीख लिहून सही करायची. पहिले आठ दिवस गल्ल्याला हात लावू नकोस. रोकड घ्यायची वेळ आलीच तर गिऱ्हाइकानं दिलेली नोट लगेच आत टाकायची नाही. ती काउंटरवर वजनाखाली ठेवायची, ‘पाचशे दिले’ असं मोठ्यानं म्हणायचं, सुटे मोजून हातात द्यायचे आणि मगच नोट आत. ‘मी पाचशेची दिली होती, तू दोनशेची धरलीस’ हे भांडण त्यानं होतच नाही. ऑनलाइन पैसे आले का हे गिऱ्हाइकाच्या फोनवर बघायचं नसतं. स्क्रीनशॉट खोटा करता येतो. पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या दुकानातल्या डब्यानं आवाज दिला किंवा मालकाच्या फोनवर दिसलं, तरच सामान द्यायचं. संध्याकाळी गल्ला कमी भरला म्हणून तुझ्या पगारातून कापायची भाषा झाली, तर त्याच वेळी सांग की गल्ला माझ्याकडे नव्हता, आणि वहीत लिहून ठेव.

सोडून जायच्या आठ दिवस आधी मालकाला आठवण कर आणि हिशोब पूर्ण करून घे. दुकानाच्या लेटरहेडवर किंवा साध्या बिलाच्या मागे का होईना, ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केलं, वेळेवर येत होती’ एवढं लिहून, शिक्का मारून घे. दिवाळीच्या सुटीत पुढच्या दुकानात जाशील तेव्हा तो कागद काउंटरवर ठेवता येईल.

आज बुधवार असेल तर उद्याच निघ. मानेवाडा चौकापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत पुस्तकांची आणि झेरॉक्सची जेवढी दुकानं आहेत, त्यांची यादी आजच कर.